तार तुटल्यावरचा खेळ

पेन्सिल पुन्हा आपटली. टक्. पिवळी, षटकोनी पेन्सिल, मागचं रबर कधीच झडून गेलेलं आणि त्याची पत्र्याची टोपी तेवढी उरलेली – ती सागवानी डब्याच्या झाकणावर आपटली, मग हवेतच थांबली, आणि दिवाकरच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू. हसूच असणार, दुसरं काय असेल… मालनच्या हातातली माठाची जुडी तशीच राहिली. सकाळच्या वेळी ओटीवरच्या बंगईत झोके घेत, डोळे मिटून, कानांवर ते काळ्या स्पंजाचे हेडफोन चढवून, नातवंडं खेळवायच्या वयाला आलेला माणूस कुणाकडे बघून हसतो? आणि डोळे मिटल्यावर दिसतं तरी कोण?

हेडफोनमधून आवाज गळत होता. बाटलीत माशी अडकावी तसा बारीक, न थांबणारा इंग्रजी आवाज, आणि मधूनच फुगणारा गलका. दुसऱ्याला त्रास नको म्हणून हेडफोन लावायचे आणि मग ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ऐकू येतील एवढे मोठे करायचे, ही कुठली तऱ्हा? आपण ऐकतोय ते बाहेर जाऊ नये म्हणून नव्हेच ते. बाहेरचं आत येऊ नये म्हणून. आणि बाहेरचं म्हणजे या घरात आहे कोण? मीच.

दिवाकर राऊत बोटीवर रेडिओ ऑफिसर होता. दहा महिने समुद्र, दोन महिने घर, असं करत त्यानं संसार केला. म्हणजे खरं तर मालनने केला, त्यानं अधूनमधून येऊन तो बघितला. केळीची वाडी, पानवेली, सासूचं दुखणं, लेकीची, हेमालीची शाळा, पावसाळ्यात वाडीतलं बावखलाचं तळं भरून पाणी थेट मागच्या पायरीला लागायचं ते – सगळं तिच्या एकटीच्या अंगावरून गेलं. मग उपग्रह आले, कट्ट-कड-कट्ट करत तारा पाठवायचं काम जगभरच बंद झालं, आणि कंपनीने रेडिओ ऑफिसर ही जातच बोटींवरून खाली उतरवली. दिवाकर कायमचा घरी आला तो एक सुटकेस आणि हा सागवानी डबा घेऊन. डब्यात कॅसेटी होत्या. गाण्यांच्या असत्या तर मालन काही म्हणाली नसती. त्या होत्या अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मॅचच्या, रेडिओवरच्या कॉमेंटरीच्या, आणि त्याही पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या. खेळणारे मेले, सांगणारे मेले, ओरडणारेही बहुतेक गेले असतील. कोण जिंकलं कोण हरलं ते त्यांच्या नातवांनाही पाठ असेल. गेल्या वर्षी वर्ल्ड कपला अख्खं गाव टीव्हीसमोर ठाण मांडून बसलं होतं, तेव्हाही हा माणूस ओटीवर बसून मेलेल्या माणसांचा खेळ ऐकत होता.

‘कुणी दिल्या हो तुम्हाला?’ तिनं तेव्हा विचारलं होतं.

‘बाल्टिमोर बंदरात खलाशांचा क्लब आहे. तिथं एक बाई काम करायची. मार्गारेट म्हणून. जुन्या मॅच रेडिओवर पुन्हा लावायचे, त्या तिनं उतरवून दिल्या.’ आणि थोडं थांबून, ‘म्हातारी होती.’

म्हातारी होती हे त्यानं न विचारता सांगितलं. मालनने तेवढंच उचललं आणि आपल्या मनात नीट ठेवून दिलं. नुसती ‘एक बाई’ म्हणाला असता तर ती कदाचित विसरलीही असती…

टक्. कॅसेटची बाजू संपली असावी. वॉकमनचं बटण खटकन वर आलं, दिवाकरने डोळे उघडले, आणि पहिली गोष्ट कोणती केली, तर दाराकडे पाहिलं. तिच्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे. हे हल्ली नेहमीचं. समोर उभं राहिलं की नजर थेट ओठांवर. दिवाळीत तिचा पुढचा दात पडला तेव्हापासून हे जास्तच जाणवायला लागलं – बघतोय, मोजतोय, कुणाशीतरी ताडून बघतोय… मालनचा हात आपोआप पदरासकट तोंडावर गेला.

‘आंघोळीला पाणी काढलंय,’ ती पदराआडून म्हणाली.

‘असं का?’ दिवाकर म्हणाला. आणि जरा वेळाने, ‘बरं. बघू.’

आंघोळीला बघू काय? पण तो उठला, खांद्यावर पंचा टाकला, तिच्या हातातल्या जुडीकडे बघून ‘माठ वाटतं’ म्हणाला आणि मागच्या दारी गेला. तिथं बंबातून वाफ येत होती, ते पाहून ‘अरे वा, पाणी तापलंय’ असं मोठ्यानं म्हणाला. जसं काही तिनं सांगितलंच नव्हतं.

वॉकमन बंगईवर पडला होता. मालनने तो उचलला. मनात काही वाईट नव्हतं. काल संध्याकाळी लाईट गेले तेव्हा टॉर्च नुसती पिवळट मिणमिणली होती, आणि लोडशेडिंगची वेळ आजही तीच. टॉर्चला दोन पेन्सिल सेल लागायचे, याच्या यंत्रालाही दोन. दुकानात जाईपर्यंत कोण थांबतंय. तिनं यातले काढून टॉर्चमध्ये घातले, लख्ख उजेड पडला. टॉर्चमधले मेलेले सेल याच्या पोटात बसवून झाकण लावलं. मग वाटलं, सांगावं का? ऐकायला बसेल, वाजणार नाही, आपणहून येईल विचारायला. येऊ दे. निदान तेवढ्यासाठी तरी येईल. यात थोडा दुष्टपणा होता, हे तिला कळत होतं, आणि त्यानं तिला थोडं बरंही वाटलं.

पाचूबंदरची कोळीण आल्बिना आली तेव्हा दिवाकर धुतलेल्या सदऱ्यात ओटीवर बसला होता. तिनं पायरीवर पाटी टेकली आणि मान खाली घालून वरचं ओलं फडकं काढता काढता बोलू लागली.

‘भाऊ, हेमाली कवा येनार हाय? लय दीस झालं, दिसली नाय.’

‘हो, हो. घे की,’ दिवाकर म्हणाला. ‘ताजे दिसतायत.’

आल्बिनानं मान वर केली आणि खळखळून हसली. ‘बाय, बघ गो तुझा नवरा! मी लेकीचं इचारतंय नि हे बोंबलाचं सांगतान.’

दिवाकरही हसला. पण तिच्यानंतर, किंचित उशिरा. आधी आल्बिनाकडे पाहिलं, मग मालनकडे, आणि मग हसला… मालन हसली नाही. बोंबील निवडताना तिच्या मनात एकच घोळत होतं – लेक तुळींजला, हाकेच्या अंतरावर दिलेली, तिचं नाव निघालं तरी या माणसाचं लक्ष नाही. देह इथं ओटीवर आणि मन कुठल्या बंदरावर?

‘पानी घाल गो जरा बोंबलांवर, उन्हाचं हाय,’ आल्बिना जाता जाता म्हणाली. ‘नि भाऊंना बरा मासा खायाला घाल. सुकलेत.’

हा सुकलाय. माझ्याकडे कोणी बघितलंय?

किती गोष्टी होत्या, आणि एकेक करून कुणाला सांगायला जावं तर हसतील अशा. फोन वाजला की हा उठत नाही. आयुष्यभर वायरलेसच्या खोलीत बसलेला माणूस, घरातला फोन वाजतो तेव्हा वर्तमानपत्रात डोकं घालून बसतो, आणि मी समोर जाऊन हातवारे केले की म्हणतो, ‘तूच घे, तुझाच असेल.’ कुणाचा येईल अशी भीती आहे त्याला? मार्गशीर्षात एकदा तो एकटाच मुंबईला गेला, कंपनीत सह्या करायच्या आहेत म्हणून, आणि रात्री जेवताना तिनं सहज विचारलं, भेटले का जुने कोणी, तर म्हणाला, ‘हो, तीच गर्दी.’ त्या कंपनीचं ऑफिस बेलापूरला गेल्याचं त्याच्याच मित्राने एका लग्नात सांगितलं होतं. आणि हा आला तो चर्नी रोडच्या बाजूची मिठाई घेऊन. कंपनी नव्हती तर कोण होतं? मालन असं एकेक दाबून ठेवत गेली. पण हे सगळं एकीकडे, आणि काही आठवड्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळचं दुसरीकडे.

ती संध्याकाळ आठवायची नाही असं ठरवलं की बोंबलाच्या पोटात सुरी घालतानाही ती आठवते. लाईट गेलेले. दोघं ओटीवर, तो बंगईत, ती खांबाला टेकून. वाडीतून भिजलेल्या मातीचा वास. कंदील लावायला ती उठलीच नाही, मुद्दामच. दिवसभर, खरं तर कितीतरी दिवस, ते शब्द तिच्या घशापर्यंत येत आणि त्याचा चेहरा दिसला की परत जात. अंधारात चेहरा नव्हता. चेहरा नसला की सांगता येतं. आणि तिनं सांगितलं. पदराला घट्ट धरून, एका दमात –

‘अहो, मला इथं डावीकडे, छातीत, गाठ लागतेय हाताला. सुपारीएवढी. दुखत नाही. आधी वाटलं वातामुळे. पण जात नाही. मला भीती वाटतेय हो.’

बंगईची कडी कुरकुरली.

‘असं का?’ दिवाकर म्हणाला.

ती थांबली. आणखी काही येईल म्हणून थांबली. बेडूक ओरडत होते, लांब कुणाच्या तरी जनरेटरचा आवाज होता…

‘मग?’ तो म्हणाला.

मग! मग काय?  आणि जरा वेळाने, कुणी विहिरीचा पंप बिघडल्याचं सांगावं आणि आपण म्हणावं तशा आवाजात, तो म्हणाला, ‘बरं. बघू.’

दुसऱ्या दिवशी त्यानं विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मालन वाट बघत राहिली – आता म्हणेल ‘चल, साडी बदल, डॉक्टरकडे जाऊ’, आता म्हणेल. त्यानं चहा मागितला, केळफूल काढून दिलं, पेन्सिल आपटली. आपण डॉक्टरकडे एकटीनं जाऊ शकत नाही असं नव्हतं. सासूला, हेमालीला, गाईला सुद्धा तिनं एकटीनंच नेलं होतं. पण या वेळी नाही. या वेळी त्यानं न्यायचं. नाही नेलं तर… तर काय ते कळेलच सगळ्यांना, आणि मग बसू दे त्याला हेडफोन लावून. असं म्हणायची ती मनात आणि आंघोळ करताना बोटं त्याच जागी जायची. गाठ असायची. तिलाही त्या घरात कुणी विचारत नव्हतं, तरी ती होती.

तो मला मरू देणार आहे, हे वाक्य पहिल्यांदा मनात आलं तेव्हा ती दचकली होती. आता दचकत नव्हती. बाल्टिमोरची बाई, चर्नी रोड, न घेतलेला फोन – सगळं त्या वाक्यापाशी येऊन जुळत होतं.

जेवण झालं. बोंबील त्याला आवडले. ‘छान झालेत,’ म्हणाला, तिच्या ओठांकडे बघत. तिनं ओठ झाकले.

दुपारी आवरून ती मधल्या खोलीत आडवी झाली. खिडकीच्या गजांतून ओटी दिसायची. पडदा थोडा सरकवला की बंगईतल्या माणसाची पाठ, एक कान, आणि झोका फिरला की अर्धा चेहरा. दिवाकरने वॉकमन सदऱ्याच्या खिशात टाकला, हेडफोन चढवले, बटण दाबलं, डोळे मिटले. मालनला सेल आठवले. आता उठेल, हाक मारील. तिनं अंगावरची चादर सारखी केली, झोपेचं सोंग करायच्या तयारीत.

तो उठला नाही.

तो बसून राहिला, पायाच्या अंगठ्यानं झोका देत, आणि थोड्या वेळाने – टक्. पेन्सिल झाकणावर आपटली. हवेत थांबली. ओठांची कड हलली. सकाळचंच, हुबेहूब.

मालन उठून बसली. चुकून चांगले सेल परत गेले का? पण टॉर्च उशापाशी होती, तिनं चादरीखाली लावून पाहिली, लख्ख. मग हेडफोनमधून सकाळचा तो बाटलीतल्या माशीचा आवाज… तिनं कान दिला. पलीकडच्या वाडीत कुणीतरी नारळ सोलत होतं. चिमण्या. बंगईची कडी. बाकी काही नाही. जे यंत्र मेलंय ते हा ऐकतोय. टक्. ते ऐकून हा हसतोय.

सोंग! पहिला विचार हाच आला, आणि रागानं तिचे कान तापले. म्हणजे हे सगळंच सोंग आहे. खेळ नाही, कॉमेंटरी नाही, काही नाही. माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून कानांना लावलेलं कुलूप आहे हे. आणि आत बसून हा कुणाची आठवण काढतोय ते… पण मग टक् का? सोंगच करायचं तर डोळे मिटून बसावं. नेमक्या त्याच जागी पेन्सिल आपटायची, तीही कुणी बघत नसताना, हे कुणासाठी?

कॅसेटची एक बाजू संपेल एवढा वेळ तो तसाच बसला. मग डोळे उघडले. बटण अजून दाबलेलंच होतं, वर आलंच नव्हतं. त्यानं खिशातून वॉकमन काढला, झाकणाच्या काचेतून आत पाहिलं, झाकण उघडलं. मालनला त्याची पाठ एकदम ताठ झालेली दिसली. झोका फिरला तेव्हा तिला त्याच्या हातातली कॅसेट दिसली; फीत सगळीच्या सगळी डावीकडच्या चक्रावर होती. तीळभरसुद्धा सरकली नव्हती. दिवाकर ते बघत बसला. मग हळूच एक हात वर नेऊन कानावरचा हेडफोन दाबला, दुसरा दाबला, आवाजाची चकती अंगठ्यानं शेवटपर्यंत फिरवली आणि मान एका बाजूला कलती करून थांबला, परक्या घराचं दार वाजवून माणूस थांबतो तसा.

मग त्यानं दाराकडे पाहिलं. चटकन. चोरासारखं. आणि ती पिवळी पेन्सिल कॅसेटच्या दातेरी भोकात घालून तो फीत गुंडाळू लागला. एकेक वेढा. डावीकडची उजवीकडे. कुणी उघडून पाहिलं तर वाटावं, वाजली होती, ऐकली होती, नीट संपली होती.

कुणी उघडून पाहील? कोण? मीच. माझ्यापासून लपवतोय… काय?

अनवाणी चालत ती ओटीवर आली आणि त्याच्या पाठीमागे उभी राहिली. हेडफोन त्यानं काढून गळ्यात टाकले होते. कान उघडे होते, मोठे, पाळीवर पांढरे केस आलेले. पेन्सिल फिरत होती.

‘अहो,’ ती म्हणाली.

पेन्सिल फिरत राहिली.

‘अहो, बावखलाशी साप आलाय.’

काही नाही.

‘मार्गारेट,’ ती म्हणाली. नाव पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं आणि ते तोंडात जड, विचित्र लागलं. मान हलली नाही. खांदा हलला नाही. एवढं नाव घेतल्यावर सोंग करणाऱ्याचा सुद्धा एखादा स्नायू हलला असता.

 तिनं सवयीनं तोंडावर गेलेला हात काढला. आणि त्या पाठीला, त्या पांढऱ्या केसांना, ऊन पडलेल्या मानेला ती म्हणाली, ‘मला छातीत गाठ आहे.’

दिवाकरने शेवटचा वेढा घेतला, पेन्सिल बाहेर काढली, फुंकर मारली.

ती फिरून त्याच्या समोर आली. तो दचकला, कॅसेट मुठीत घेतली, आणि त्याची नजर गेली – ओठांवर. या वेळी तिनं पदर वर नेला नाही. पडलेल्या दाताची खिंड दिसत असेल तर दिसू दे. ‘चहा ठेवू?’ ती म्हणाली. आवाज न काढता. नुसते ओठ.

‘ठेव की,’ दिवाकर म्हणाला. ‘आलं घाल थोडं.’

स्वयंपाकघरात तिनं पाणी ठेवलं आणि गॅस पेटवायचं विसरली. ओट्याला धरून उभी राहिली. केव्हापासून? दिवाळीपासून? बोट सोडली तेव्हापासूनच? उपग्रह आले म्हणून उतरवलं, की कंपनीच्या डॉक्टरने कान तपासले म्हणून? चर्नी रोड… तिकडे कानाचा डॉक्टर असेल. फोन. हेमालीचं नाव – आल्बिनाची मान तेव्हा खाली होती, फडक्यात. एकेक गोष्ट, वर्षभर जपून ठेवलेली, तिच्या हातून निसटून खाली पडत होती, आणि गंमत अशी की तिला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. ज्याचा वर्षभर राग केला तो माणूस तिथं नव्हताच. राग मात्र होता, सगळा, आता ठेवायला जागा नसलेला.

आणि त्यानं एकदा सांगितलेलं आठवलं. नवा नवा परत आला होता तेव्हा, ती वाळवायला घातलेल्या केळ्यांची सुकेळी उन्हात पालटत होती आणि तो भलत्याच उत्साहात होता.

‘हा बोलणारा माणूस मैदानावर नाहीच आहे, मालन. शेकडो मैल लांब, एका खोलीत बसलाय. मैदानावर बसलाय तो तारवाला. तो कट्ट-कड करून दोन अक्षरं पाठवतो, आणि हा तेवढ्यावर सगळा खेळ उभा करतो. ऊन, धूळ, कुणी टोपी सारखी केली, सगळं मनाचं. गर्दीचा गलका तबकडीवरचा. आणि बॅट म्हणजे –’ त्यानं पेन्सिल आपटून दाखवली होती.

‘म्हणजे खोटंच की.’

‘खोटं कसं? निकाल खराच असतो.’

‘आणि तार तुटली तर?’

दिवाकर हसला होता, त्याला हाच प्रश्न हवा होता. ‘मग फाऊल! चेंडू रेषेबाहेर मारला की फाऊल. आऊट नाही, धाव नाही, गडी परत उभा. तार तुटली की हा बोलणारा फाऊलवर फाऊल मारत बसायचा. आणखी एक फाऊल, आणखी एक… तार जोडली जाईपर्यंत. ऐकणाऱ्यांना वाटायचं, काय चिवट गडी आहे.’

असं का? मग? बरं. बघू.

मालनने तोंडात पदर कोंबला. त्या अंधारात, त्या बंगईत तो फाऊल मारत बसला होता. एकामागून एक. तिकडून काहीच येत नव्हतं – ना ओठ, ना आवाज – आणि तरी खेळ थांबू नये म्हणून, समोरच्या बाईला कळू नये म्हणून… मी तुझा मरणाचा राग केला. तू मला मरू देणार आहेस असं मी रोज धुणं धुताना म्हटलं. आणि तुला मी काही सांगितलंच नव्हतं.

सांगितलंच नव्हतं. हे आत उतरायला वेळ लागला. ती गाठ अजून कुणालाच ठाऊक नव्हती. इतके दिवस तिला वाटत होतं, सांगून झालंय, आता त्याची पाळी. नाही. अजून तिचीच होती.

आणि मग, उशिरा पेटवलेल्या गॅसवर चहा उकळत असताना, संशयाने सवयीप्रमाणे मान वर काढली. फक्त या वेळी त्याचं तोंड तिच्याकडे होतं. अंधार मी का निवडला? त्याचा चेहरा बघवत नव्हता म्हणून? की असं सांगावं, की सांगितलं असंही व्हावं आणि कुणी ऐकलं असंही होऊ नये? तो ‘चल’ म्हणाला असता तर जावं लागलं असतं. डॉक्टर नाव घेणार त्या गोष्टीचं. तो काही म्हणाला नाही, आणि मी रागावले, आणि रागाच्या आड किती निवांत बसून राहिले… त्याचे हेडफोन. माझा राग. कुणी कुणाला हसायचं?

संध्याकाळी ठरल्या वेळी लाईट गेले. घरातला पंखा गिरकी घेत थांबला. मालन टॉर्च घेऊन ओटीवर आली आणि न लावताच, नेहमीच्या खांबाशी न बसता, बंगईत त्याच्या शेजारी बसली. कडी कुरकुरली. बाजूला वजन आल्याचं त्याला कळलं असावं, कारण तो थोडा सरकला आणि त्याच्या हातातली पेन्सिल थांबली.

 बोलायचं होतं, पण पहिला शब्द कोणता घ्यावा ते सुचत नव्हतं. कान गेल्याचं आधी विचारावं, की गाठीचं आधी सांगावं? एक विचारलं की दुसरं टाळता येणार होतं, हेही तिच्या लक्षात आलं, आणि त्या लक्षात येण्याची तिला भीती वाटली.

‘असं का?’ दिवाकर अंधारात म्हणाला.

 ती बोललीच नव्हती. एक अक्षर नाही.

बेडूक ओरडत होते; ते त्याला नव्हते. जनरेटर होता, तोही नव्हता. त्याला फक्त शेजारचं वजन होतं, आणि बायको शेजारी येऊन बसली म्हणजे काहीतरी सांगत असणार एवढा अंदाज होता, आणि तेवढ्यावर तो खेळ उभा करत होता.

‘मग?’ तो म्हणाला. आवाज अगदी साधा, थोडा प्रेमळ. हे तिला त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं.

तिनं पदर खांद्यावरून घट्ट घेतला. टॉर्च हनुवटीखाली धरली, उजेड आपल्याच तोंडावर पडेल अशी. आणि आधी अंधारातच, आवाज न करता, ओठ नीट उघडून, पडलेल्या दाताची पर्वा न करता, ते वाक्य एकदा म्हणून पाहिलं. सगळे शब्द होते. गाठीच्या जागी जीभ अडखळली, म्हणून तेवढं पुन्हा म्हणून पाहिलं.

‘बरं,’ दिवाकर म्हणाला. ‘बघू.’

तिचा अंगठा बटणावर होता. सेल चांगले होते, तिनंच घातले होते.